गावच्या मराठी शाळेचा आणि तिच्या हेडमास्तरांचा इतिहास कसा काढायचा

शाळेची शंभरी जवळ आली की गावात कोणीतरी उठतं आणि म्हणतं चला स्मरणिका काढू, आणि मग इतिहास म्हणून छापलं काय जातं तर ऑफिसमधल्या बोर्डावरची "आजपर्यंतचे मुख्याध्यापक" ही यादी जशीच्या तशी, पासून-पर्यंतसकट. मी पण आधी तेच करणार होतो. आमचं गाव अमळनेर तालुक्यात तापीकडच्या बाजूला, जि.प. ची सातवीपर्यंतची शाळा, मी तिथेच शिकलो, वडील पण तिथेच. बोर्डावर १९ नावं होती. दोन वर्षं सुट्टीच्या दिवशी बसून जुनी रजिस्टरं चाळली तेव्हा सह्या सापडल्या २७ जणांच्या, आणि सुटलेल्या आठांपैकी तीन बाई होत्या ज्यांनी वर्ष-दीड वर्ष एकटीने शाळा ओढली पण "प्रभारी" म्हणून बोर्डावर आल्याच नाहीत. म्हणून पहिली गोष्ट हीच सांगतो, बोर्डावर विसंबू नका. हे बोर्ड बहुतेक ठिकाणी खूप नंतर, जुन्या लोकांना विचारून पेंटरकडून लिहून घेतलेले असतात. खरं काय ते सह्यांमध्ये असतं.

सुरुवात परवानगीपासून करा. आत्ताचे मुख्याध्यापक आणि शाळा व्यवस्थापन समितीचे अध्यक्ष दोघांना एक साधा अर्ज द्या, कशासाठी बघायचंय, कोण बघणार, रजिस्टर शाळेच्या बाहेर जाणार नाही हे त्यात लिहा. गुरुजी लोकांना आजकाल ऑनलाइन माहिती भरता भरता जीव नकोसा होतो, त्यात आपण कपाट उघडा म्हणून मागे लागलो तर ते टाळणारच, त्यात त्यांची काही चूक नाही. मी एक रविवार नुसतं कपाट साफ करून दिलं, वाळवी लागलेले गठ्ठे वेगळे केले, नवीन कापडात बांधून दिले, त्यानंतर मला कधी कोणी नाही म्हटलं नाही.

आता मुख्य कागद. जनरल रजिस्टर, ज्याला आपण दाखल-खारीज म्हणतो. प्रत्येक मुलाचा नंबर, नाव, जन्मतारीख, आधीची शाळा, दाखल कधी झाला, कितवीतून आणि का शाळा सोडली, आणि शेवटी शेरा. हे कायम जपायचं रेकॉर्ड आहे त्यामुळे बाकी सगळं रद्दीत गेलं तरी हे बहुतेक शाळेत सापडतं. पहिलं काय बघायचं तर सगळ्यात जुन्या रजिस्टरमधला पहिला नंबर. तो १ असेल आणि सगळी पोरं एकाच दिवशी वेगवेगळ्या वर्गात दाखल केलेली असतील तर सावध व्हा, बऱ्याचदा याचा अर्थ शाळा आधीपासून चालू होती आणि रजिस्टर नवीन उघडलं. पहिला नंबर ४१२ असेल तर सरळ आहे, आधीचं रजिस्टर हरवलंय, आणि शाळा बोर्डावरच्या तारखेपेक्षा जुनी निघू शकते. आधीच्या शाळेचा रकाना पण वाचा, त्यातून कळतं की तुमच्या गावात चौथीच्या पुढची सोय होईपर्यंत पोरं कुठे जायची आणि शेजारच्या कोणत्या गावात शाळाच नव्हती. जुन्या पानांवर "बिगरी" दिसेल, ती पहिलीच्या आधीची यत्ता.

जन्मतारखा बघून दचकू नका. पानच्या पान १ जून दिसेल. जूनमध्ये शाळा उघडायची, आई-बापाला तारीख माहीत नसायची, मग मास्तर अंदाजाने वय धरून १ जून टाकून द्यायचे. याचा आपल्याला वेगळाच फायदा होतो. हेडमास्तर पण त्याच काळातली पोरं, त्यांच्याही कागदावर १ जूनच, आणि जि.प. शिक्षकाची सेवानिवृत्ती ५८ व्या वर्षी, त्यात १ तारखेला जन्मलेला माणूस आदल्या महिन्याच्या शेवटच्या दिवशी रिटायर होतो, म्हणून ३१ मे ला निरोप समारंभांची रांग असते. तुमच्या यादीत एखाद्या हेडमास्तरांची शेवटची सही मेच्या अखेरीस संपत असेल तर ते रिटायर झाले असतील किंवा उन्हाळ्यात बदली झाली असेल, ऑगस्ट नाहीतर जानेवारीत मध्येच तुटत असेल तर काहीतरी झालेलं असतं, आजारपण, मृत्यू, तडकाफडकी बदली, ते शोधायला हवं.

हेडमास्तरांचा कार्यकाळ काढायची माझी पद्धत अशी. दाखला देताना खारीज केलेल्या नोंदीसमोर हेडमास्तरांची सही असते. मी वहीत फक्त दोन रकाने केले, तारीख आणि सहीचा नमुना, नाव वाचता आलं नाही तरी चालेल, सही नुसती ओळखायची, "लांब शेपटीवाली", "दोन टिंबांची" अशी नावं दिली तरी चालतात. सही बदलली की माणूस बदलला. मग ती तारीख चार्ज यादीशी जुळवायची. चार्ज यादी म्हणजे जुना हेडमास्तर नव्याला शाळा सोपवताना करतो ती, टेबल किती, खुर्च्या किती, नकाशे, घंटा, पाण्याची टाकी, खाली "चार्ज देणार" आणि "चार्ज घेणार" दोघांच्या सह्या. याच्यापेक्षा पक्का पुरावा दुसरा नाही, आणि त्या यादीत जी शाळा दिसते ना ती कोणत्याच भाषणात दिसत नाही. आमच्याकडच्या एका जुन्या यादीत टकळ्या आणि पेळूची पेटी होती, म्हणजे सूतकताईचा तास होत होता. आजही कितीतरी जि.प. शाळांच्या नावात "जीवन शिक्षण" हे शब्द आहेत ते गांधीजींच्या नई तालीमच्या, म्हणजे हाताने काम करत शिकायच्या शिक्षणाच्या काळातून आलेत, १९३७ च्या वर्ध्याच्या परिषदेतून निघालेला विचार. पुढच्या एका यादीत खडू-फळा योजनेतून आलेलं साहित्य दिसलं, ती योजना १९८७ ची, म्हणजे त्या यादीवर तारीख नसती तरी अंदाज बांधता आला असता.

शेरेबुक सापडलं तर समजा लॉटरी लागली. तपासणीला येणाऱ्या साहेबाने शेरा मारायची वही. जुनी माणसं त्या साहेबाला दिपोटी म्हणतात, दिपोटी येणार म्हटलं की आदल्या दिवशी शाळा शेणाने सारवायची आणि पोरांना कविता घोटवायच्या. किती पटावर, किती हजर, छप्पर गळतं, मास्तर चांगला पण मुली नाहीत, हे सगळं त्यात येतं. हजेरीपत्रकं, आवक-जावक, डेडस्टॉक म्हणजे शाळेच्या सामानाचं रजिस्टर, पगारपत्रकं हे पण बघा पण त्यात फार वेळ घालवू नका, मोजकंच हाती लागतं.

शिक्के ओळखायला शिका, तारीख फाटलेली असेल तर शिक्काच वाचवतो, त्यावरच्या जिल्ह्याच्या आणि संस्थेच्या नावावरून काळ कळतो. १९०६ पर्यंत खानदेश हा एकच जिल्हा, त्यानंतर पूर्व खानदेश म्हणजे जळगाव आणि पश्चिम खानदेश म्हणजे धुळे. १९२३ च्या मुंबई प्राथमिक शिक्षण कायद्याने प्राथमिक शाळा स्थानिक संस्थांच्या स्कूल बोर्डांकडे आल्या, १९४७ च्या कायद्याने परत घडी बदलली. १ मे १९६२ पासून जिल्हा परिषद. नंदुरबार जिल्हा झाला १ जुलै १९९८ ला, त्यामुळे शहादा-तळोद्याच्या शाळेचे जुने कागद धुळ्याला असू शकतात हे लक्षात ठेवा, हेलपाटा वाचेल. तालुक्यांचं पण तसंच, मुक्ताईनगरच्या जुन्या कागदावर एदलाबाद लिहिलेलं असतं, धरणगावकडच्या गावांपुढे एरंडोल. कुठे शके लिहिलेलं असेल तर त्यात ७८ मिळवा, पौष-माघाकडची तारीख असेल तर ७९.

फार जुनी पानं मोडीत निघाली तर घाबरून बंद करू नका. धुळ्याला राजवाडे संशोधन मंडळ आहे, इतिहासाचार्य राजवाडे १९२६ मध्ये धुळ्यातच गेले आणि त्यांनी जमवलेली दप्तरं तिथे जपली आहेत, तिथे विचारलं तर मोडी वाचणाऱ्याचा पत्ता निदान मिळतो. २०२३ मध्ये कुणबी नोंदी शोधायला शाळांची जुनी रजिस्टरं राज्यभर तपासली गेली, तेव्हापासून मोडी वाचणाऱ्यांना चांगली मागणी आहे. शाळेच्या बाहेरचे कागद पण आहेत. १८८० चं खानदेश गॅझेटियर, त्यात शिक्षणावर वेगळं प्रकरण आहे, खेड्याचं नाव नसेल पण तालुक्याची स्थिती कळते. जुन्या जनगणनेच्या जिल्हा पुस्तिकांत गाववार सोयींची यादी असते, शाळा होती का नव्हती ते तिथे बघता येतं. ग्रामपंचायतीची प्रोसिडिंग बुकं बघा, खोली बांधायला जागा कोणी दिली, लोकवर्गणी किती ठरली हे त्यात निघतं. आणि भिंतीवरच्या कोनशिला, रंगाचे थर चढलेले असतात, ओल्या फडक्याने पुसून तिरप्या उजेडात फोटो काढा, अक्षरं उठून दिसतात.

आता माणसं. इथे घाई करू नका. म्हाताऱ्या आबांना "तुम्ही कोणत्या साली शाळेत होता" विचारलं तर ते काहीतरी सांगून टाकतील आणि आपण ते छापू. साल विचारायचंच नाही, खूण विचारायची. तुमना लगीनना आधी का नंतर? दुष्काळात, म्हणजे ७२ ला, शाळेत सुकडी मिळायची तेव्हा हेडमास्तर कोण? ५४ दिवसांचा संप झाला, ७७-७८ चा, तेव्हा शाळा कोणी उघडी ठेवली? त्याच्याही आधीच्या पिढीने घरात सांगितलेलं असतं, फैजपूरची काँग्रेस, १९३६ ची, त्याला मास्तर पोरांना घेऊन गेले होते, किंवा ९ सप्टेंबर १९४२ ला नंदुरबारला शिरीषकुमार गेला तेव्हा शाळा बंद पडली होती, अशा आठवणी. त्या खऱ्या आहेत का हे नंतर हजेरीपत्रकाशी ताडून बघा, पण आधी लिहून घ्या. आणि अहिराणीत सांगितलेलं अहिराणीतच लिहा, तुमच्याकडे तावडी नाहीतर लेवा बोली असेल तर तसंच. एका आजीने मला सांगितलं, "आमनी साया मारुतीना पारवर भरे, पानी उना का सुट्टी." याला प्रमाण मराठीत करून टाकलं तर त्यातला पाऊसच निघून जातो.

विचारायला फक्त पाटलाच्या वाड्यावर जाऊ नका हे मी हात जोडून सांगतो. शाळेत वर्गात कोण बसायचं आणि ओट्यावर कोण, पाणी कोणाला वरून ओतून मिळायचं, हे ज्यांच्या घरात घडलं त्यांनाच माहीत असतं, आणि कोणत्या हेडमास्तरांनी ते बंद केलं हेही त्यांच्याच लक्षात राहिलंय. आमच्या बोर्डावर ज्यांचं नाव तिसरं आहे त्या गुरुजींबद्दल गावात फक्त "लय मारायचे" एवढंच ऐकलं होतं, ओट्यावर बसवायचे त्यांच्या वस्तीतल्या एका नानांनी सांगितलं की पोरांना ओट्यावरून उचलून आत पहिल्या रांगेत त्यांनीच बसवलं, आणि त्यासाठी त्यांची बदली मागायला लोक तालुक्याला गेले होते. हे ऐकल्यावर मी त्यांच्यावरचं पान परत लिहिलं. तसंच मुलींचं, बऱ्याच गावांत मुलींची शाळा वेगळी होती आणि पुढे मुलांच्या शाळेत मिसळली, मग त्या शाळेच्या हेडबाई कोणत्याच यादीत राहत नाहीत. त्यांचं रजिस्टर वेगळं असतं, शोधा.

आधीच्या हेडमास्तरांच्या घरी जाताना रिकाम्या हाताने जाऊ नका, त्यांची जुनी सही किंवा वर्गाचा ग्रुप फोटो प्रिंट करून न्या. घरच्यांना इतकं बरं वाटतं की ट्रंक आपोआप उघडते. कितीतरी खेड्यांत मास्तरच पोस्ट पण सांभाळायचे, त्यामुळे त्यांच्या घरी शाळेपेक्षा गावाचीच जास्त माहिती निघते.

फोटो काढताना फ्लॅश नको, खिडकीजवळ दिवसाच्या उजेडात, पूर्ण पान, मग जवळून. थुंकी लावून पान उलटू नका, फाटलेल्याला सेलोटेप तर अजिबात नको, काही वर्षांत तो पिवळा पडतो आणि अक्षर घेऊन निघतो, लॅमिनेशन पण नको. फाइलला नाव देताना रजिस्टर, पान, वर्ष लगेच टाका नाहीतर दोन हजार फोटोंत तुम्हालाच काही सापडणार नाही. आणि रजिस्टरचं पान व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर टाकू नका, त्यात जात, जन्मतारीख, नापास, शाळा का सोडली हे सगळं असतं, जिवंत माणसांचं असतं. हेडमास्तरांच्या सह्यांपुरता भाग कापून वापरा.

लिहिताना प्रत्येकाला "शिस्तप्रिय, विद्यार्थिप्रिय, कर्तव्यदक्ष" लावलं की २७ माणसं एकसारखी दिसतात. त्यापेक्षा एकेकाच्या काळात काय बदललं ते लिहा, पट किती होता आणि जाताना किती, कोणती खोली झाली, कोणतं झाड लावलं, स्कॉलरशिपला पहिलं पोरगं कधी लागलं, मुलींचा आकडा कधी वाढला. प्लेगच्या वर्षांत गाव शेतात झोपड्या करून राहायला गेलं असेल तर हजेरी कोसळलेली दिसेल, त्यात हेडमास्तरांचा दोष नाही हे पण लिहा. एखाद्याबद्दल पैशाच्या वाईट गोष्टी ऐकू येतील, कागद नसेल तर लिहू नका. दोन माणसं दोन वेगळ्या गोष्टी सांगत असतील तर दोन्ही लिहा आणि कोणती तुम्हाला पटते आणि का ते सांगा.

झालं की चार प्रती काढा, एक शाळेत, एक ग्रामपंचायतीत, एक तालुक्याच्या वाचनालयात, एक घरी, आणि फोटोंचा पेनड्राइव्ह वेगळा. यादीच्या शेवटी पाच-सहा ओळी कोऱ्या ठेवा. आमच्याकडे मागच्या जूनला नवीन मॅडम आल्या, चार्ज घेतला त्याच दिवशी मी चार्ज यादीचा फोटो काढला आणि २८ वी ओळ भरली.