आजीचं अख्खं आयुष्य लिहून ठेवायचंय? मग असं करा

पेपरात पहिल्या पुण्यस्मरणाची जाहिरात येते ना, वर फोटो, खाली प्रेमळ, कष्टाळू, मनमिळाऊ वगैरे, आणि मग शोकाकुलांची यादी, मुलगे सुना मुली जावई नातवंडं पतवंडं. फोटो बदलला की तीच जाहिरात शेजारच्या आजीलाही चालते. त्याच्या पलीकडे जाऊन घरच्यांसाठी काही लिहून ठेवायचं असेल, वीस-पंचवीस पानांची पुस्तिका म्हणा किंवा नुसती वही, त्यांच्यासाठी हे लिहितेय. आमच्या गोव्यातल्या आजीचं मी केलं, नंतर ओळखीच्या एकदोन घरांना मदत केली, त्यातून जे हाताला लागलं ते सांगते.

मुख्य अडचण अशी की आपल्याला आजी भेटते तीच मुळी म्हातारी. ती नव्वदीत गेली असेल तर तिची पहिली पन्नास वर्षं आपण पाहिलेलीच नसतात, म्हणून नातवंडांनी लिहिलेलं सगळं शेवटच्या पंधरा वर्षांवर अडकतं, जपमाळ, खाऊचा डबा, दुखणारे गुडघे, झालं. त्या म्हातारीच्या आधी चार पोरांची आई होती आणि त्या आईच्या आधी माहेरच्या अंगणात फुगडी घालणारी पोर होती. पाऊण पुस्तिका या दोघींना द्यायची असं आधीच ठरवून टाका, बाकीचं आपोआप जागेवर येतं.

सुरवात माणसांपासून करा, कागद कुठे पळून जात नाहीत. आणि माणसं निवडताना मुलग्यांकडे शेवटी जा, खरंच, मुलग्यांना आईबद्दल फारच कमी माहीत असतं, माझे बाबा आणि काका धरून. पहिला नंबर तिच्या माहेरचं जे कुणी उरलं असेल त्याचा, धाकटा भाऊ, चुलत बहीण, कुणीही. दुसरा नंबर जावेचा. एकाच चुलीवर वीस-तीस वर्षं काढलेल्या जावेला जे ठाऊक असतं ते नवऱ्यालासुद्धा ठाऊक नसतं. मग कुळागरात (नारळी-पोफळीच्या बागेत) कामाला यायची ती बाई, शेजारीण, देवळातली भजनवाली मैत्रीण. लेकी या सगळ्यांच्या नंतर, कारण तोपर्यंत तुमच्याकडे विचारायला नेमके प्रश्न जमलेले असतात.

आता विचारायचं काय. 'आजी कशी होती गो?' असं विचारलंत तर 'बरी होती' एवढंच मिळेल. त्यापेक्षा हातातल्या कामाचं विचारा. पाणी कुठून आणायचात, बावडी किती लांब होती, दळण कोण दळायचं, सकाळच्या पेजेबरोबर काय असायचं, बाळंतपणाला सुईण कुठल्या वाड्यावरून यायची, सुपारी सोलायला रात्री कोणकोण बसायचं. कामाचा प्रश्न विचारला की माणूस हातवारे करत सांगायला लागतो आणि स्वभाव त्यातूनच बाहेर पडतो. रेकॉर्डिंग नक्की करा पण फोन समोर ठेवण्याआधी सांगा की हे कशासाठी, आमच्याकडे फोन ठेवल्याबरोबर काकाने विचारलं, 'हें इन्व्हेन्तारा खातीर न्हय मूं?' म्हणजे हे कोर्टातल्या वाटणीसाठी तर नाही ना? वाटणीचा विषय ज्या घरात चालू असेल तिथे हा संशय येणारच, त्यामुळे ते काम आणि हे काम एका दिवशी एका खोलीत करू नका.

तारखा कुणालाच आठवत नाहीत. साल विचारलं की माणसं गप्प होतात, म्हणून साल विचारायचंच नाही, खुंट्या द्यायच्या, म्हणजे सगळ्यांना आठवणाऱ्या घटना. गोव्यातल्या त्या पिढीसाठी खुंट्या भरपूर आहेत. राममनोहर लोहियांची पोर्तुगीजांविरुद्धची मडगावची सभा, 18 जून 1946. ब्लॉकेड, म्हणजे भारताने केलेली गोव्याची नाकेबंदी, सुरू झाला ते 1955, सरहद्द बंद, रेल्वे बंद, आणि बाजारात हॉलंडचे बटाटे. लिबरेशन, म्हणजे पोर्तुगीज गेले ते, 19 डिसेंबर 1961. ओपिनियन पोल, 16 जानेवारी 1967. पहिले मुख्यमंत्री भाऊसाहेब बांदोडकर वारले ते ऑगस्ट 1973. मांडवीचा पूल कोसळला तो जुलै 1986, म्हणजे पणजी-बेती पुन्हा फेरीबोटीवर आली ते दिवस. गोवा घटकराज्य झालं ते 30 मे 1987. शिवाय जुन्या गोव्यातलं सायबाचं (सेंट फ्रान्सिस झेवियरचं) शवप्रदर्शन, 1964, 1974, 1984 असं दर दहा वर्षांनी, ते बघायला हिंदू बायकाही हौसेने जायच्या आणि कडेवर कुठलं मूल होतं ते त्यांना पक्कं आठवतं. 'पूल पडला तेव्हा आत्याचं लग्न झालेलं का?' असं विचारा, उत्तर लगेच येतं.

ओपिनियन पोलचा प्रश्न तर विचाराच. फूल की दोन पानं? फूल म्हणजे महाराष्ट्रात विलीन, दोन पानं म्हणजे वेगळं राहायचं. आमच्या आजोबांनी फुलासाठी गावभर प्रचार केला, आणि आजीने गुपचूप दोन पानांवर शिक्का मारला, हे मला तिच्या जावेने सांगितलं, तेही आजोबा आणि आजी दोघंही गेल्यावर. त्या दोघी मतदानाला बरोबर गेल्या होत्या आणि येताना वाटेत ठरवलं की घरी बोलायचं नाही. कारण काय दिलं तर म्हणे तिकडे मुंबईत जाऊन कागद करायला कोणाला सवड आहे. घरातल्या कोणाला हे आवडलं नाही तरी लिहा, एवढा जुना वाद आहे, आता त्यावरून कोणी ताट आपटणार नाही.

मग कागद. इथे गोव्याचा एक फायदा आहे जो महाराष्ट्रातल्या नातेवाइकांना नाही. आपल्याकडे पोर्तुगीज काळापासूनचा सिव्हिल कोड असल्यामुळे नवराबायकोची मालमत्ता सहसा एकत्र धरतात, आणि घरजमीन विकायची तर बायकोचीही सही लागते. म्हणजे आजोबांनी जमिनीचा तुकडा विकला असेल तर त्या कागदावर आजी हजर आहे! तो कागद शोधून काढा. आमच्याकडे 1958 च्या विक्रीखतावर आजीचा अंगठा आहे आणि 1969 च्या कागदावर सही, देवनागरीत, एकेक अक्षर वेगळं बसलेलं, शेवटचं अक्षर रेघेच्या खाली घसरलेलं. घरात सगळे समजत होते तिला लिहितावाचता येत होतं, पहिल्यापासूनच. मधल्या अकरा वर्षांत काय झालं हे आत्याला विचारलं तर ती हसायलाच लागली. लिबरेशननंतर बांदोडकरांच्या काळात गावोगाव मराठी शाळा निघाल्या त्यात आमच्या गावातही निघाली, आत्या पहिलीत गेली, आणि संध्याकाळी भाताखालचा जाळ पुढेमागे करत आजी तिची पाटी घेऊन बसायची, वर आत्याला दम, की शाळेत कोणाला सांगितलंस तर बघ. हे पान आमच्या पुस्तिकेत सगळ्यात जास्त वाचलं गेलं. दोन्ही सह्यांचे फोटो शेजारीशेजारी छापलेत, खाली एक ओळ, बस.

माणूस गेल्यावर मालमत्तेसाठी सहसा सक्सेशन डीड (वारस कोण ते नोंदवणारा दस्त) करतात, त्यासाठी जन्माचे, लग्नाचे, मृत्यूचे दाखले गोळा होतात, तेव्हाच सगळ्याची एकेक झेरॉक्स जास्त काढून ठेवा, निम्मं काम तिथेच होतं. आणि हो, घरात कोणी पोर्तुगीज पासपोर्टच्या मागे लागलेला भाचा किंवा पुतण्या असेल तर त्याच्या फायलीत आजीचा जन्मदाखला आधीच पडलेला असण्याची बरीच शक्यता आहे. नसेल तर सिव्हिल रजिस्ट्रारकडे शोधावा लागेल. तिथे जाताना दोन गोष्टी लक्षात ठेवा. एक, दाखला माहेरच्या नावाने असणार, आणि आपल्याकडे लग्नात पाळण्यातलं नावही बदलायचे, तेव्हा तुम्हाला माहीत असलेलं नाव तिथे सापडणारच नाही. दोन, नावं पोर्तुगीज वळणाने लिहिलेली असतात, श चा उच्चार एक्सने, शेणवी असेल तर सिनाय, कामत असेल तर कामोतिम, त्या हिशोबाने बोट फिरवा.

जन्मतारखेवर मात्र डोळे मिटून विश्वास ठेवू नका. आधारकार्डावर 1 जानेवारी असेल तर ती तारीख कोणीतरी अंदाजे टाकलेली आहे एवढंच समजा. जुनी जन्मपत्रिका किंवा देवघरातल्या पोथीच्या आतल्या पानावर टिपलेली तिथी मिळाली तर ती जास्त खरी. शकात 78 मिळवले की इसवी सन येतं, पण जानेवारीपासून पाडव्यापर्यंतचा जन्म असेल तर 79 मिळवायचे, शके 1854 चा माघ म्हणजे 1933, 1932 नव्हे.

फोटोंचं थोडक्यात सांगते. पावसात हात लावू नका, आपल्या हवेत बुरशी धरलेली असते. डिसेंबर-जानेवारीत काढा. फ्रेमच्या काचेला चिकटलेला फोटो ओढायचा नाही, काचेवरूनच जरा तिरका धरून सावलीत मोबाईलने घ्या, फ्लॅश बंद. सुटे फोटो स्कॅन करून घेतले तर उत्तम, 600 डीपीआय सांगा. मागे नावं लिहायची तर पेन्सिलने, आणि आजच लिहा, कारण लग्नाच्या ग्रुप फोटोतल्या तिसऱ्या रांगेतली बाई कोण हे सांगणारं बहुतेक एकच माणूस उरलेलं असतं.

स्वयंपाकाचं पान सगळ्यांना हवं असतं आणि ते सगळ्यात भोंगळ होतं. 'आजीचं खतखतं (बऱ्याच भाज्यांची मिश्र भाजी) म्हणजे काय सांगू!' सांग ना बाई, तेच तर हवंय. तिच्या हाताखाली शिकलेल्या सुनेला किंवा लेकीला एकदा करायला सांगा आणि शेजारी वही घेऊन बसा, कवड (नारळाची वाटी) अर्धी की पाऊण, तिरफळं किती आणि कधी टाकली, सोलं (आमसुलं) की करमल (आंबट फळ), तूर कधी शिजत घातली. चवथीचंही असंच, माटोळीला (गणपतीवर टांगतात त्या फळांच्या चौकटीला) काय काय बांधायचं ही तिची यादी लिहून घ्या, कवंडळं, आंबाडे, तोरिंगं, सुपारीचा घड, आणि ते रानातून कोण आणून द्यायचा त्याचंही नाव. आता बाजारात सगळं मिळतं त्यामुळे ती नावं अजून एक पिढीपण टिकणार नाहीत.

एक प्रश्न नाजूक आहे पण टाळू नका. मुलं किती आहेत असं न विचारता मुलं किती झाली असं विचारा. त्या पिढीतल्या बऱ्याच बायकांचं एखादं तरी मूल लहानपणीच गेलेलं असतं आणि नंतर त्याचं नावही घरात कोणी घेत नाही. हे बायकांना विचारायचं, एकटीला गाठून, फोन बंद करून. नाव कळलं तर वंशावळीत इतर भावंडांबरोबर त्याच्या जागेवर लिहा, स्पष्टीकरण काही नको.

लिहिताना कोणतंही विशेषण आलं की त्याच्यापुढे प्रसंग आहे का बघा, नसेल तर विशेषण खोडा. 'तिने आयुष्यभर दुसऱ्यांसाठीच केलं' हे वाक्य तर मी सरळ बंदच केलं होतं, खरं असलं तरी, कारण ते लिहिलं की लिहिणाऱ्याला आपण सगळं सांगितलं असं वाटतं आणि तो थांबतो. केलं म्हणजे काय केलं? चार पोरांच्या फीचे पैसे कुठून आणले? कोणाच्या बाळंतपणाला किती महिने जाऊन राहिली, आणि तेव्हा स्वतःच्या घरी कोणी बघितलं? आणि तिला स्वतःला काय आवडायचं तेही शोधा की. जत्रेतलं नाटक पहाटेपर्यंत बघायची का, धालोच्या (बायकांच्या नाचगाण्याच्या) मांडावर पुढे असायची का, तपकीर ओढायची का. आमची ओढायची, आणि डबी पूजेच्या सामानात लपवायची.

तिचं बोलणं मात्र होतं तसंच ठेवा. आपण घरात कोकणी बोलतो आणि लिहायला बसलो की मराठी, त्यामुळे आजीच्या तोंडी भलतंच पुस्तकी मराठी येतं आणि ती आजी वाटतच नाही. दारात आलेल्या प्रत्येकाला ती 'जेवन वच रे' म्हणायची तर तेच लिहा, वाचणाऱ्या सगळ्यांना कळतं.

नातवंडांना लिहायला सांगणार असाल तर प्रत्येकी शंभर शब्दांची मर्यादा घाला, नाहीतर पुण्यातला एक नातू एकटा आठ पानं पाठवतो. आजी अजून हयात असेल तर यातलं सगळं तिच्याबरोबरच करा, दुपारच्या चहानंतर, एका वेळी वीसेक मिनिटं, ती कंटाळली की बंद.

छापायचं ठरलं तर अक्षर मोठं घ्या, 14 पॉइंटच्या खाली नको, वाचणारे निम्मे सत्तरीच्या पुढचे असतात. मधे पिन मारायची असेल तर पानं चारच्या पटीत लागतात, 24 किंवा 28. छापायला देण्याआधी पूर्ण मजकूर एकदा आत्यांना आणि जावेला मोठ्याने वाचून दाखवा, त्या प्रत्येक पानावर भांडतील, त्यातलं निम्मं दुरुस्त करा आणि उरलेल्या निम्म्यात दोघींची म्हणणी नावासकट छापा. शेवटची दोन पानं कोरी सोडा, कारण बाराजण जेवायला बसले की 'हें अशें न्हय गो जाल्लें' म्हणत कोणीतरी नवीन काहीतरी सांगणारच, आणि ते दुसऱ्या आवृत्तीत जातं.