कुंडीतल्या शेवंतीची तयारी: उजेडाआधी अंधाराची सोय

गेल्या वर्षी, २०२५ च्या दिवाळीसाठी, यावल तालुक्यातल्या आमच्या मळ्यात शेवंतीच्या बाराशे कुंड्या भरल्या होत्या, आणि धनत्रयोदशीला, म्हणजे १८ ऑक्टोबरला, त्यांतल्या जवळपास तीनशे कुंड्या नुसत्या हिरव्या उभ्या होत्या. त्यांच्यावर रोग नव्हता, कीड नव्हती आणि खतपाणीही बाकीच्या कुंड्यांसारखेच झाले होते. खळ्याच्या बाजूच्या त्या तीनशे कुंड्यांना रात्रीचा अंधार मिळाला नव्हता. यंदा पुन्हा कुंड्या भरायच्या आहेत म्हणून ही यादी लिहून काढली आहे. मुळ्या फुटलेली रोपे विकत आणून कुंडीतली शेवंती विक्रीसाठी करू पाहणाऱ्या खानदेशातल्या इतर शेतकऱ्यांनाही ती उपयोगी पडावी.

यादीची सुरुवात कॅलेंडरापासून करावी आणि मोजणी दिवाळीकडून मागे करावी. यंदा लक्ष्मीपूजन ८ नोव्हेंबरला आहे आणि धनत्रयोदशी ६ नोव्हेंबरला. घाऊक व्यापारी आठवडाभर आधी माल उचलतो, म्हणजे ऑक्टोबरच्या शेवटच्या दिवसांत कळ्यांवर रंग येऊन काही फुले उमललेली असली पाहिजेत. मोठ्या रात्री सुरू झाल्यापासून फूल येईपर्यंत शेवंतीला वाणानुसार सात ते नऊ आठवडे लागतात. रोपवाटिकेत वाण निवडताना रंगाच्या आधी हा आकडा विचारावा आणि बिलावर लिहून घ्यावा. आठ आठवड्यांचे वाण धरले तर १ सप्टेंबरपासून अखंड अंधार सुरू झाला पाहिजे आणि त्याआधी फांद्या धरण्यासाठी पाच आठवड्यांची वाढ मिळावी म्हणून रोपे २५ जुलैच्या सुमारास कुंडीत बसली पाहिजेत. आठ आठवडे २७ ऑक्टोबरला संपतात. त्यापुढचे चार-पाच दिवस हाताशी ठेवलेले बरे, कारण ऑक्टोबरच्या उकाड्यात रात्री उबदार राहिल्या की कळी रेंगाळते.

रोपांची मागणी मे महिन्यातच नोंदवावी. रोप पाच ते सात सेंटीमीटर उंच आणि एकसारखे असावे. ट्रेमधून अलगद उपटल्यावर कोकोपीटचा, म्हणजे नारळाच्या काथ्याच्या भुशाचा, गड्डा मुळ्यांनी बांधलेला दिसला पाहिजे, आणि त्या मुळ्या पांढऱ्या असल्या पाहिजेत. ज्या रोपाच्या शेंड्यात आधीच बारीक कळी बसलेली असेल ते स्वस्त मिळाले तरी घेऊ नये, कारण ते पुढे वाढत नाही. कुंडीसाठी बुटकी, आपोआप फांद्या धरणारी वाणे मागावीत. लखनौच्या राष्ट्रीय वनस्पती संशोधन संस्थेने शेंडा खुडावा लागत नाही आणि आधाराची काडीही लागत नाही अशी वाणे तयार केलेली आहेत. बाजारात सुटी फुले विकण्यासाठी लावतात ती उंच शेवंती कुंडीत कलंडते. पुण्याकडून रोपे रात्रीच्या ट्रॅव्हल्सने येणार असतील तर पहाटे स्वतः जाऊन खोकी उतरवून घ्यावीत आणि लगेच सावलीत उघडून पाण्याचा हलका फवारा द्यावा. बंद खोक्यात दुपार झाली तर रोपे उकडतात आणि खालची पाने पिवळी पडू लागतात.

आता जी गोष्ट मी गेल्या वर्षी विसरलो ती सविस्तर लिहितो, कारण बाकी सर्व तयारी पूर्ण असूनही हिच्यामुळे माझा चौथा हिस्सा माल गेला. शेवंतीला कळी धरण्यासाठी सलग आणि अखंड रात्र लागते. पानांतले फायटोक्रोम नावाचे द्रव्य लाल किरणांनी बदलते आणि अंधारात हळूहळू पूर्वस्थितीला येते, त्यावरून झाड रात्रीची लांबी ओळखते. मध्येच उजेड पडला की एका मोठ्या रात्रीचे दोन लहान तुकडे होतात आणि झाड फुलाऐवजी पानेच काढत राहते. यासाठी फार उजेडही लागत नाही.

लहान रोपाने लवकर कळी धरू नये म्हणून रात्री लावतात ते वाढीचे दिवे मी २० ऑगस्टला बंद केले होते आणि उजेडाचे काम संपले असे समजून चाललो होतो. त्याच महिन्याच्या अखेरीस विहिरीवरच्या मोटारीची केबल चोरीला गेली, म्हणून खळ्यातल्या खांबावर पन्नास वॅटचा एलईडी फोकस बसवला आणि तो रात्रभर चालू राहू लागला. कुंड्या ठेवलेले शेडनेट तिथून वीस-पंचवीस पावलांवर होते आणि हिरव्या जाळीतून उजेड सहज आत जात होता. ऑक्टोबरमध्ये पहिल्या ओळींवर कळीच नव्हती. त्यामागच्या ओळींवर फांदीच्या टोकाला एकेकच कळी होती, ज्वारीच्या दाण्याएवढी आणि घट्ट मिटलेली, आणि तिच्याखालची पाने नेहमीसारखी कातरलेली नसून अरुंद पट्टीसारखी झाली होती. मात्र त्या सगळ्या हिरव्या भागातून एक सरळ पट्टा पिवळाधमक फुललेला होता. फोकस आणि शेडनेट यांच्या मध्ये पाण्याची काळी टाकी आहे, आणि फुललेला पट्टा तिच्या सावलीएवढाच रुंद होता. तो पाहिला तेव्हा कारण समजले, पण तेव्हा हातात काही राहिले नव्हते.

म्हणून यंदाच्या यादीत पहिले काम खळ्यातल्या फोकसचे आहे. तो काढावा, किंवा त्याचे तोंड शेडनेटच्या उलट दिशेला वळवून पाठीमागे पत्रा लावावा, आणि ३१ ऑगस्टला संध्याकाळी तो खरोखर तसा आहे की नाही हे स्वतः पाहावे. कोणाला सांगून मोकळे होऊ नये. तपासणी त्याआधीच, १२ ऑगस्टला करावी. त्या रात्री दिव्याची अमावास्या असल्यामुळे चांदणे नसेल. रात्री दहानंतर आपले वाढीचे दिवे दहा मिनिटे बंद करून वर्तमानपत्र हातात घ्यावे आणि प्रत्येक ओळीच्या टोकाला उभे राहावे. मथळा वाचता आला किंवा हाताची सावली जमिनीवर पडली तर तिथे थांबवावा लागेल असा उजेड आहे, असे समजावे. खळ्यातला फोकस, शेजारच्या मळ्यातला दिवा, रस्त्यावरचा खांब, गोठ्याचा बल्ब, पंपाच्या खोलीचे उघडे दार, हे सगळे याच तपासणीत सापडते. जिथे दिवा आपल्या हातात नाही तिथे मल्चिंगची काळी फिल्म दुहेरी करून त्या बाजूला माणसाच्या उंचीपेक्षा वरपर्यंत ताणून बांधावी. यंदा गणेशोत्सव १४ ते २५ सप्टेंबरला आहे, म्हणजे नेमका कळी धरण्याच्या काळात. गावालगत शेडनेट असेल तर मंडळाच्या रोषणाईची दिशा आधीच पाहून ठेवावी आणि कार्यकर्त्यांशी वेळेवर बोलून घ्यावे. चांदण्याने बिघडत नाही आणि क्षणभर पडलेल्या ट्रॅक्टरच्या दिव्यानेही नाही. रात्रभर जळणाऱ्या दिव्याने बिघडते.

याच्या उलट, पहिल्या पाच आठवड्यांत उजेड द्यावाच लागतो. जळगावच्या अक्षांशावर २१ जूनचा सर्वांत मोठा दिवसही साडेतेरा तासांच्या आत संपतो आणि जुलै-ऑगस्टमध्ये दिवस आणखी लहान होत जातात, त्यामुळे आपल्याकडे दिव्याशिवाय ठेवलेले रोप वीतभर होण्याआधीच कळी धरून बसते. रात्री दहा ते दोन असे चार तास, कुंड्यांवर दर दोन मीटरवर नऊ वॅटचा पिवळसर एलईडी बल्ब पुरतो. टायमर बॅटरीचा घ्यावा. काट्याचा साधा टायमर वीज गेली की थांबतो आणि दोन-चार वेळा भारनियमन झाले की रात्रीचे दहा त्याच्या हिशेबाने पहाटेवर जातात. १ सप्टेंबरला हे दिवे बंद करताना प्लगसुद्धा काढून ठेवावा आणि त्याच फेरीत खळ्यातला फोकस पुन्हा पाहावा.

कुंडीचे माध्यम हा खानदेशात दुसरा नाजूक विषय आहे. आपली काळी माती कापसाला आणि केळीला उत्तम असली तरी कुंडीत ती पाणी धरून ठेवते, सुकली की भेगाळते आणि मुळ्या तोडते, म्हणून ती मुळीच वापरू नये. कोकोपीटची वीट गोड्या पाण्यात भिजवून ते पाणी दोनदा काढून टाकावे, कारण त्यात मीठ असते. नंतर तीन भाग कोकोपीट आणि एक भाग पूर्ण कुजलेले, चाळलेले शेणखत किंवा गांडूळखत मिसळावे, आणि निचऱ्यासाठी थोडे परलाइट, म्हणजे हलके पांढरे सच्छिद्र खडे, घालावे. सामू (पीएच) सहाच्या आसपास असावा. त्याहून महत्त्वाची गोष्ट म्हणजे बोअरच्या पाण्याची तपासणी पेरणीआधीच्या माती-पाणी तपासणीबरोबर करून घ्यावी. पाण्यात चुना अधिक असेल तर माध्यमाचा सामू आठवड्यागणिक चढतो आणि शेंड्याची पाने शिरा हिरव्या ठेवून पिवळी पडतात. तसे पाणी असेल तर शेततळ्यात साठवलेले पावसाचे पाणी मिसळावे किंवा सामू उतरवण्यासाठी थोडे फॉस्फोरिक ॲसिड द्यावे. माध्यम भरण्याच्या कामाला मजूर आले की त्याच दिवशी काळी फिल्म बांधण्याचे खांबही रोवून घ्यावेत. पुढे ते काम मागे पडते आणि फोकसचा उजेड आत येत राहतो.

सहा इंची कुंडीत एक रोप, आठ इंचीत तीन. रोप ट्रेमध्ये होते तेवढेच खोल बसवावे. खोड पुरले तर पावसाळ्यात ते कुजते. लागवड दुपारी चारनंतर करावी, पहिले पाणी भरपूर द्यावे आणि मग वरचा थर सुकल्याशिवाय पुन्हा देऊ नये. कुंड्या जमिनीवर न ठेवता विटांवर किंवा विणलेल्या काळ्या चटईवर ठेवाव्यात, म्हणजे श्रावणातल्या झडीत तळाला पाणी तुंबत नाही. जागा मात्र आधीपासून मोकळी असावी. पाने एकमेकांना टेकू लागली की दोन कुंड्यांमधले अंतर दीड फुटापर्यंत वाढवावे. आज-उद्या करत हे टाळले तर झाडे उजेडासाठी उंच होतात आणि खालून उघडी पडतात. नंतर कितीही अंतर दिले तरी तो आकार परत येत नाही.

खुडणी लागणारे वाण असेल तर रोप रुजून नवी पाने सोडू लागले की, साधारण दोन आठवड्यांनी, खाली पाच-सहा पाने ठेवून शेंड्याचा कोवळा भाग बोटांनी खुडावा. दुसरी खुडणी त्यानंतर दोन आठवड्यांनी, फुटवे चार-पाच पानांचे झाल्यावर करावी. यंदा ही दुसरी खुडणी २२ ऑगस्टच्या आत उरकावी, कारण २३ तारखेला, नागपंचमीनंतरच्या रविवारी, कानबाई, म्हणजे खानदेशातली घरोघरची देवी, बसणार आहे आणि तिच्या रोटांच्या, म्हणजे नैवेद्याच्या, त्या दिवसांत खानदेशात कामाला माणूस मिळत नाही, मिळू नये हेही योग्यच आहे. १ सप्टेंबरनंतर एकही शेंडा खुडू नये, कारण त्यानंतर खुडलेली फांदी म्हणजे गेलेली कळी.

नत्र, स्फुरद आणि पालाश सारखे असलेले विद्राव्य खत १९:१९:१९ लिटरला एक ग्रॅम इतके एक दिवसाआड ठिबकातून द्यावे. कॅल्शियम नायट्रेट स्वतंत्र टाकीतून द्यावे, कारण एकत्र केले तर साका बसतो आणि ड्रिपर बंद होतात. कळी दिसू लागली की पालाश जास्त असलेल्या १३:०:४५ वर यावे आणि रंग दिसला की खत थांबवावे.

किडींचे बी आजूबाजूच्या कपाशीत असते. फुलकिडे, मावा, पांढरी माशी तिथूनच येतात, म्हणून पिवळे आणि निळे चिकट सापळे लागवडीच्या दिवशीच लावावेत. कळीत बोंडअळी शिरलेली दिसली तर हाताने वेचावी. पानांवर ठिपके दिसले तर वरून पाणी देणे बंद करावे आणि ती पाने काढून जाळावीत. फवारणी सकाळी करावी. फवारणीला उशीर झाला म्हणून रात्री दिवा लावून ती पूर्ण करू नये. कारण कोणतेही असले तरी तो उजेडच आहे.

विक्रीबद्दल थोडक्यात. एक तृतीयांश कळ्या उमलल्या की कुंडी निघाली पाहिजे, पूर्ण फुललेली कुंडी गिऱ्हाइकाच्या घरी चार दिवसांत उतरते. आदल्या संध्याकाळी पाणी, सकाळी कागदी वेष्टन, गाडीत एकच थर. जळगाव, भुसावळ आणि धुळ्याच्या व्यापाऱ्यांशी भाव दसऱ्याआधी बोलून ठेवावा, यंदा दसरा २० ऑक्टोबरला आहे. वीसेक कुंड्या घरच्यासाठी बाजूला ठेवाव्यात. सगळ्या कुंड्यांमधल्या कळ्यांवर रंग दिसू लागला की खळ्यातला फोकस पुन्हा लावायला हरकत नाही, तोपर्यंत नाही.