गुडघे दुखत असताना वजन कसं उतरवलं (माझा अनुभव)

पन्नाशी जवळ आली, दोन्ही गुडघ्यांना ऑस्टिओआर्थरायटिस (म्हणजे सांध्यांची झीज), अन् जो भेटेल तो म्हणे रोज चाला. चालणार कसं बाप्पा, जिना उतरतानाच डोळ्यांत पाणी यायचं! फिजिओथेरपीवाल्या ताईंनी उलटंच सांगितलं, आधी मांडीचे स्नायू तयार करा, चालणं नंतर. गुडघ्याखाली टॉवेलची गुंडाळी ठेवायची, मांडी आवळून टॉवेल खाली दाबायचा, मनात पाच मोजायचे अन् सोडायचं. मग एक पाय सरळ ठेवून वीतभर वर उचलायचा, दुसरा गुडघ्यात वाकवलेला पाहिजे नाहीतर कंबर धरते. पुढे खुर्चीवरून हात न टेकता उठबस, खुर्ची उंच घ्या, प्लास्टिकची नको, सरकते. हे जमल्यावरच आमच्या नागपूरच्या अंबाझरी तलावाकडे सपाट रस्त्यावर हळूहळू चालणं, अन् मे महिन्यात पारा ४५ ला टेकतो तेव्हा पहाटेच.

तर्री पोहे (चण्याचा तिखट रस्सा घातलेले पोहे) सोडले नाहीत. रविवारी खाते, फक्त वरचं लाल तेल चमच्याने काढते अन् चणे जास्त मागते. सावजी (आमच्याकडचा झणझणीत, तेलकट रस्सा) मात्र क्वचितच, त्या तेलाला उपाय नाही. भात वाटीभर, वरण घट्ट, सोबत दही किंवा अंडं, कारण या वयात स्नायू तसेही झिजतात, नुसतं उपाशी राहिलं तर अजूनच जातात.

वजन सावकाश उतरलं पण गुडघ्यांना लवकर कळलं, चालताना त्यांच्यावर वजनाच्या दोन-तीन पट भार येतो ना. शुगरच्या गोळ्या चालू असतील तर जेवण कमी करण्याआधी डॉक्टरांना विचारा, डोस बदलावा लागू शकतो.