ईजीटी मीटर खरं दाखवतोय का?

बोरघाट चढताना ईजीटीचा, म्हणजे एक्झॉस्टच्या (इंजिनातून बाहेर पडणाऱ्या वायूच्या) तापमानाचा काटा खरा की खोटा, हे घरच्या पातेल्यात कळतं. मुंबई समुद्रसपाटीला, त्यामुळे पाणी १०० अंश सेल्सियसलाच उकळतं.

१. इंजिन पूर्ण गार झाल्यावर मॅनिफोल्डमधला (इंजिनाला जोडलेल्या एक्झॉस्टच्या नळीतला) प्रोब, म्हणजे तापमान मोजणारी सळई, काढा.
२. टोक खळखळत्या पाण्यात बुडवा, बुडाला टेकवू नका.
३. काटा १०० च्या आसपास थांबला तर ठीक. फरक मोठा असेल तर आधी वायर बघा. कुणीतरी थर्मोकपलच्या (प्रोबच्या, दोन वेगळ्या धातूंच्या) वायरला साधी तांब्याची तार जोडून लांबी वाढवलेली असते, घोळ बहुतेक तिथेच.

ज्या मीटरचे आकडेच २०० पासून सुरू होतात, त्यांना हा उपाय चालत नाही.

प्रोब टर्बोच्या (एक्झॉस्टवर फिरून इंजिनात जास्त हवा ढकलणाऱ्या पंख्याच्या) आधी असेल तर लांब चढावर ७०० च्या खाली ठेवा. टर्बोनंतर बसवलेला प्रोब शंभरेक अंशांनी, कधी त्याहूनही जास्त, कमी दाखवतो, त्याच्या आकड्यावर निर्धास्त राहू नका.