काम पुढे ढकलताय? आधी 5 मिनिटं गप्प बसा

इन्कम टॅक्स रिटर्न भरायची 31 जुलै जवळ आली की आपल्याला अचानक कपाट आवरायची हुक्की येते, बरोबर ना? हा आळस नसतो बहुतेक वेळा, त्या कामाचा विचार आला की पोटात जे कसंतरी होतं ना त्यापासून आपण पळत असतो. म्हणून आधी त्याचाच बंदोबस्त करायचा.

लॅपटॉपसमोर ज्या खुर्चीत काम करायचंय तिथेच बसा, मोबाईलवर 5 मिनिटांचा टायमर लावून तो पालथा टाका, डोळे मिटा आणि नाकाशी आत-बाहेर होणाऱ्या श्वासाकडे फक्त बघा, मुद्दाम खोल वगैरे घ्यायचा नाही. याला आनापान म्हणतात, इगतपुरीच्या धम्मगिरी या विपश्यना ध्यान केंद्रात 10 दिवसांच्या शिबिराची सुरुवात यानेच होते. मन भटकणारच, फॉर्म 16 कुठे ठेवलाय, सीए ओरडेल का, वगैरे वगैरे. तेव्हा मनातल्या मनात "भीती" किंवा "कंटाळा" एवढंच म्हणायचं आणि परत श्वासावर यायचं. स्वतःवर चिडायचं नाही हं, ते चिडणंच जास्त दमवतं.

टायमर वाजला की उठू नका!! चहा पण नाही. लगेच कामाचा सगळ्यात फालतू तुकडा करा, म्हणजे नुसतं पोर्टलवर लॉगिन. मूड यायची वाट बघू नका, तो काम सुरू झाल्यावर मागून येतो.

आणि जेवल्यावर लगेच बसू नका, सरळ झोप लागते. मेडिटेशनचं चांगलं ॲप शोधत बसणं ही पण टाळाटाळच आहे बरं का.