सेनेगलचे हिप-हॉप कसे ऐकावे
परदेशी हिप-हॉपचा शोध घेताना देशांची लांबलचक यादी करण्यापेक्षा एकाच देशाच्या खोलात शिरावे, आणि त्यासाठी सेनेगलइतकी समृद्ध भूमी क्वचितच सापडेल. डकारमध्ये १९८९ साली दिदिए अवादी आणि डगी टी यांनी स्थापन केलेल्या ‘पॉझिटिव्ह ब्लॅक सोल’ या गटापासून सुरुवात करावी; वोलोफ, फ्रेंच आणि इंग्रजीतून वाहणारे त्यांचे रॅप आधी केवळ लयीसाठी ऐकावे, मग भाषांतर शोधून पुन्हा ऐकावे. त्यानंतर ‘दारा जे’ हा गट ऐकावा. काओलाक शहरातल्या ‘कर गी’ या गटाकडे मात्र सावकाश वळावे, कारण त्याच्या सदस्यांनी २०११ मध्ये पत्रकारांसह ‘याँ ना मार’ ही नागरी चळवळ उभारली आणि त्या काळातील राजकारण वाचल्याशिवाय त्यांच्या शब्दांतला संताप पुरता उमगत नाही.