इंग्लंडमधल्या काउन्सिलच्या छोट्या चिल्ड्रन्स होमचा इतिहास कसा शोधायचा

अनाथ-निराधार पोरांना सांभाळणाऱ्या बर्नार्डोजसारख्या मोठ्या धर्मादाय संस्थांचं बरं असतं, त्यांचे स्वतःचे अर्काइव्ह असतात, फोटो असतात. पण काउन्सिलचं, म्हणजे स्थानिक सरकारी संस्थेचं, छोटं होम म्हणजे साध्या गल्लीतलं साधं घर, दहा-बारा पोरं आणि एक हाउसमदर, बाहेर बऱ्याचदा पाटीसुद्धा नाही. त्यामुळे होमचं नाव टाकून सर्च केलं की हाताला काही लागत नाही आणि माणूस तिथेच सोडून देतो. नाव बाजूला ठेवा. पत्ता पक्का करा, आणि त्या वर्षी ते घर कुणाच्या ताब्यात होतं ते बघा.

हे ताब्याचं प्रकरणच खरं किचकट आहे. 1930 पर्यंत ताबा पुअर लॉ गार्डियन्सचा, म्हणजे गरिबांच्या मदतीचा कायदा राबवणाऱ्या स्थानिक मंडळांचा, गल्लीतल्या साध्या घरांत पोरं ठेवायची पद्धत त्यांच्याच काळात शेफील्डला 1893 मध्ये सुरू झाली, मग 1930 ला सगळं काउन्सिलकडे आलं. 1945 मध्ये डेनिस ओ'नील नावाचा पोरगा फॉस्टर घरात मारहाणीने गेला, देशभर गदारोळ झाला, त्यावरून पोरांच्या देखभालीवरचा 1946 चा सरकारी कर्टिस रिपोर्ट आणि मग 1948 चा चिल्ड्रन अ‍ॅक्ट, त्यानंतर प्रत्येक काउंटी आणि काउंटी बरोमध्ये (काउंटीपासून स्वतंत्र कारभार असलेलं मोठं शहर) अशा पोरांचं बघणारी चिल्ड्रन्स कमिटी आली. खूपशी छोटी होम्स ह्याच काळातली. 1971 ला ती कमिटी काउन्सिलच्या सोशल सर्व्हिसेस खात्यात विरघळली, आणि 1974 ला काउन्सिलच बदलल्या, म्हणजे हडर्सफील्ड काउन्सिलचं होम एका रात्रीत नव्या कर्कलीस काउन्सिलचं झालं. लंडनमध्ये हा घोळ 1965 लाच झालाय, तिथे एलसीसी (लंडन काउंटी काउन्सिल) गेली आणि होम्स बरोंकडे आली. तर कागद आजच्या काउन्सिलच्या नावाखाली शोधत बसू नका, नॅशनल अर्काइव्हजच्या डिस्कव्हरी नावाच्या ऑनलाइन कॅटलॉगमध्ये जुन्या काउन्सिलचं नाव आणि चिल्ड्रन्स कमिटी असं टाका, कागद कुठल्या काउंटी रेकॉर्ड ऑफिसमध्ये आहेत ते बऱ्याचदा तिथेच कळतं.

अर्काइव्हमध्ये गेलात की पहिली मागणी कमिटीच्या मिनिट्सची, म्हणजे बैठकांच्या इतिवृत्तांची. घर कधी घेतलं, बॉयलर कधी फुटला, मेट्रनचा पगार, सगळं तिथे. वाचायला रटाळ, पण सोनं आहे. त्याहून भारी चीज म्हणजे होमची स्वतःची रजिस्टर्स, 1951 च्या नियमांनुसार येणाऱ्या-जाणाऱ्या पोरांचं रजिस्टर, फायर ड्रिलची नोंद आणि चक्क काय जेवण दिलं ह्याचीही नोंद ठेवावी लागायची, शिवाय दर महिन्याला कुणीतरी बघून जाऊन रिपोर्ट द्यायचा. ही सगळीकडे टिकलेली नाहीत, पण विचारायला काय जातंय. पोरांची नावं असलेली रजिस्टर्स बहुतेक ठिकाणी 100 वर्षं बंद असतात, त्यावरून काउंटरवरच्या माणसाशी भांडू नका, तो बिचारा नियम पाळतोय.

तिथे राहणारा स्टाफ इलेक्टोरल रजिस्टरमध्ये, म्हणजे मतदार यादीत, सापडतो, त्याच पत्त्यावर दरवर्षी वेगवेगळी आडनावं दिसली की समजा स्टाफ बदलतोय. घर जुनं असेल तर 1939 चं रजिस्टर, म्हणजे युद्ध सुरू झाल्यावर केलेली देशभरातल्या लोकांची नोंदणी, बघा, त्यात पोरांच्या ओळी झाकलेल्या असू शकतात पण मोठ्यांचे व्यवसाय दिसतात. 1931 ची जनगणना शोधू नका, ती 1942 मध्ये जळाली. घराचा आकार आणि मागची बाग वगैरे पाहायला स्कॉटलंडच्या नॅशनल लायब्ररीच्या साइटवर इंग्लंडचेसुद्धा जुने ओएस (ऑर्डनन्स सर्व्हे, सरकारी नकाशा संस्था) नकाशे फुकट आहेत.

होम बंद कधी झालं हे शोधणं उलट अवघड जातं, कारण उद्घाटनाला पेपरवाले येतात, बंद होताना कोण येतंय. इथे प्लॅनिंग अर्ज कामाला येतात, होमचे फ्लॅट किंवा ऑफिस करायला परवानगी मागितली असेल तर ते वर्ष धरा आणि त्याच्या मागचे दोन-तीन वर्षांचे मिनिट्स चाळा, नाहीतर काउन्सिलला एफओआय, म्हणजे माहिती अधिकाराचा अर्ज, टाका, 20 कामाच्या दिवसांत उत्तर द्यावं लागतं.

तुम्ही स्वतः तिथे वाढला असाल तर रस्ता वेगळा, सब्जेक्ट अ‍ॅक्सेस रिक्वेस्ट, म्हणजे स्वतःबद्दलची माहिती मागायचा अर्ज, काउन्सिलला करा, फी नाही, मुदत एक महिना पण किचकट केस असेल तर आणखी दोन महिने वाढवू शकतात. फाइल मिळाली तरी दुसऱ्यांची नावं काळी केलेली असतात. आणि हे लवकर करा, केस फाइल जन्मापासून 75 वर्षं ठेवायचा नियम 1991 चा आहे, त्याआधीच्या कित्येक फाइली गेल्या त्या गेल्याच.